शिडीचं भांडण

बाबा गेल्यापासून लोक मला माझ्याच बाबांबद्दल माहिती द्यायला येतात. दार वाजतं, उघडलं की कुणीतरी डोळ्यांत पाणी आणून उभं असतं, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "देवमाणूस होते हो तुमचे वडील." मी मान हलवते. होते ना. पण घरात देवमाणूस असला की बाकीच्यांना पुजाऱ्यासारखं राबावं लागतं, हे कुणी बोलत नाही.

परवा कोपऱ्यावरचा सायकलवाला आला. आत आला, खुर्चीत बसला, शर्टाची बाही वर केली आणि हात टेबलावर पसरून वाट बघत बसला. मी त्याच्याकडे बघतेय, तो माझ्याकडे. मग त्याच्या लक्षात आलं. "अरे, तुमच्या बाबांकडून बीपी बघून घ्यायला आलो होतो," तो म्हणाला, "विसरलोच." आणि बाही खाली न करताच रडायला लागला. आता याला मी काय करणार? चहा दिला. तेवढंच येतं मला.

बाबा सरकारी दवाखान्यात नर्स होते. पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात त्यांची सगळी नोकरी गेली. बाई असली तर सिस्टर आणि पुरुष असला तर ब्रदर, म्हणून सगळं जग त्यांना ब्रदर म्हणायचं. शेजारपाजारचेही ब्रदरच म्हणायचे. आईला त्यामुळे कोणी काकू म्हटलं नाही, ती जन्मभर सगळ्यांची वहिनी. अगदी तिच्या आईच्या वयाच्या बायकांचीसुद्धा.

दवाखान्यात म्हणे ते पेशंटला घरच्यासारखं वागवायचे. असतील. घरच्यांना मात्र ते पेशंटसारखं वागवायचे. आमच्या गाद्यांवरच्या चादरी अशा ताणून खोचलेल्या असायच्या की आत शिरायला पाय दुमडून जोर लावावा लागे. माझ्या वेण्या तेच घालायचे, बँडेज बांधायच्या पद्धतीने, त्यामुळे शाळा सुटेपर्यंत एक केस हलत नसे आणि माझे डोळे दिवसभर थोडे वर ओढलेले दिसत. माझा होणारा नवरा पहिल्यांदा घरी आला तेव्हा बाबांनी त्याला नोकरी विचारली नाही, घर विचारलं नाही. विचारलं, "पोट साफ होतं का?" तो बिचारा उभा राहून म्हणाला, "हो, सर." बाबांनी लगेच होकार दिला. आजही सासरी हा विषय निघतो, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि ते 'झालंच'! बाबांचा हा शब्द ऐकून ऐकून आमचे कान किटले होते. सुई टोचताना पेशंटला "झालंच, झालंच" म्हणायची त्यांना सवय. तीच घरी आली. नळ गळतोय? झालंच. सहलीचे पैसे शाळेत भरलेत का? झालंच. आमच्या घरात झालंच म्हणजे अजून सुरूसुद्धा झालेलं नाही, हे आम्ही बोलायला शिकतानाच शिकलो.

पण खरी डोकेदुखी म्हणजे सकाळचं भांडण.

आईला साखरेचा आजार मी शाळेत होते तेव्हापासून. रोज सकाळी चहाच्या आधी इन्सुलिनची सुई. बाबा ड्यूटीवरून थकून आलेले असोत की ड्यूटीवर जायच्या घाईत, ती सुई त्यांनी एक दिवस चुकवली नाही. खोलीचं दार लावून घ्यायचे, आणि मग आतून आवाज यायचे.

"तुझा भाऊ शिडी कधी परत करणार म्हणे?"

"सकाळी सकाळी माझ्या भावाच्या नावाने बोंब मारू नका हां."

"बोंब कुठली? विचारतोय. शिडी आपली आणि रंग त्याच्या भिंतीला."

"अहो, एवढ्याशा शिडीसाठी माणसाची अब्रू काढता? लाज वाटत नाही?"

"झालंच."

मग दार उघडायचं. बाबा शीळ घालत बाहेर यायचे, आई पदर सारखा करत चहा ठेवायची. मामाने घराला रंग द्यायला आमची शिडी नेली होती, त्यावरून हे रोजचं रामायण. रोज! दादा आणि मी भिंतीला कान लावून बसायचो. आज ना उद्या आई बॅग भरून मामाकडे जाणार, आणि मग आपली वाटणी होणार, अशी आम्हाला खात्री होती. मी आईच्या वाट्याला जाणार होते, दादा बाबांच्या. मामा घरी आला की मी त्याच्याशी बोलत नसे. काही वर्षं तर मला शिडी हा शब्द पुस्तकात दिसला तरी मी पान उलटायचे.

मी आता वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसते. दिवसभर समोर चिडलेली माणसं. खरा राग कुठला आणि बिल कमी करून घेण्यापुरता कुठला, हे मी काचेपलीकडून नुसत्या नाकपुड्या बघून सांगू शकते, असा माझा समज होता.

तर बाबा गेले, आणि आईने सुई घ्यायचं बंद केलं.

सुरुवातीला बाबांच्या वॉर्डातली तरुण मुलं आळीपाळीने येऊन देत होती. आठवडाभर तिने घेतली. मग एका सकाळी म्हणाली, "उद्यापासून येऊ नकोस रे बाळा. तुझा हात जड आहे." दुसऱ्याला तेच, तिसऱ्याला तेच. मी पैसे देऊन एक बाई ठेवली, तिलाही तेच. गोळ्या घेते म्हणाली, पथ्य पाळते म्हणाली, पण सुई नाही. "यांनी इतकी वर्षं दिली, मला कधी कळलीसुद्धा नाही," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "यांच्या हातातली सुई दुखायचीच नाही. आता नको मला कुणाची."

तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चपलेने फोड आला होता. तो फुटला, आणि बरा व्हायचं नाव घेईना. कडा काळसर व्हायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी तो बघितला, तिची साखर बघितली, आणि मला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं, "हे असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल. आणि अंगठ्यावर थांबेल असं मी लिहून देणार नाही."

मी आईला समजावलं. रागावले. हातापाया पडले. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी घर नवऱ्यावर टाकून आईकडेच राहायला आले, सुई द्यायला शिकले, केळ्यावर टोचून टोचून सराव केला. आईने केळी खाल्ली. तिला पथ्याला चालत नाहीत, तरी खाल्ली. सुई काही घेतली नाही.

दादा लांब दुसऱ्या शहरात असतो. त्याचा रोज फोन. "तू जरा प्रेमाने सांगून बघ," तो म्हणायचा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? हा तोच दादा, ज्याला लहानपणी माझ्या फुटलेल्या गुडघ्याचं रक्त बघून चक्कर आली होती आणि बाबांनी मला सोडून आधी त्याला आडवं केलं होतं. "आईची सायकॉलॉजी समजून घे," म्हणाला एकदा. मी फोन उशीखाली ठेवून दिला आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत टॉवेल वाळत घालून आले. मागच्या गॅलरीत बाबांनी भिंतीला एक लाकडी स्टँड ठोकून ठेवलाय, त्यावर घालते मी टॉवेल. राग आला की मी फार नीट टॉवेल वाळत घालते.

अशात दवाखान्यातून निरोप आला, ब्रदरच्या आठवणींसाठी छोटीशी सभा ठेवलीय, वहिनींना घेऊन या. आई आदल्या दिवशीपासून तयार. पायाला चप्पल घालवत नव्हती, तरी जाणार. मी म्हटलं, "सुई घेशील तर नेते." ती म्हणाली, "मी रिक्षाने जाईन." हात टेकले मी.

सभा वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होती. हॉलला फिनेलचा वास. पुढे बाबांचा फोटो. फोटोतही त्यांची कॉलरची इस्त्री इतकी कडक की बघूनच मान दुखावी. आधी मोठे साहेब बोलले. "ब्रदर पेशंटला घरच्यासारखं वागवायचे," म्हणाले. मी खुर्चीत चुळबुळ केली. मग कुणी समर्पण म्हणालं, कुणी सेवाभाव म्हणालं. आई डोळे मिटून ऐकत होती आणि माझं सगळं लक्ष तिच्या पायाकडे. मोजा घातला होता, पण अंगठ्यापाशी तो ओला झाला होता.

शेवटी मोठ्या सिस्टर उठल्या. त्या बाबांच्या वॉर्डाच्या प्रमुख होत्या, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. माइक नको म्हणाल्या.

"देवमाणूस वगैरे काही नव्हता हा," त्या म्हणाल्या. "एक नंबरचा भांडकुदळ होता."

मी पहिल्यांदाच सावरून बसले. चला, कुणीतरी आपल्यातलं निघालं.

"वॉर्डात नवीन होता तेव्हा माझ्याकडे तक्रारी यायच्या. ब्रदर पेशंटला वाट्टेल ते बोलतात. मी एकदा पडद्यामागे उभी राहून बघितलं. एक कंडक्टर होते पेशंट. ब्रदर सुई भरतोय आणि त्यांना म्हणतोय, तुम्ही कंडक्टर लोक ना, खिशात सुट्टे असूनही देत नाही. कंडक्टर असे भडकले! 'कोण म्हणतं?' म्हणून ओरडले, आणि तेवढ्यात याचं काम झालेलं. त्यांना पत्ताच नाही. मी बोलावून झापलं त्याला. तर म्हणतो कसा, सिस्टर, घाबरलेल्या माणसाला 'घाबरू नका' म्हटलं की तो जास्त घाबरतो. चिडलेल्या माणसाला मात्र सुई कळत नाही. प्रत्येकाची एक कळ असते, तेवढी शोधायची."

मागच्या रांगेतून एक म्हातारे गुरुजी काठी टेकत उठले. "मला म्हणायचा, सात त्रिक चोवीस, बरोबर ना गुरुजी? रोज! मी रोज ओरडायचो, एकवीस रे गाढवा, एकवीस!" ते हसत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मग हॉलभर एकेकजण उठायला लागला. एका शिंप्याला म्हणे बाबा सांगायचे की तुमच्या शर्टाची एक बाही आखूड आहे. सगळा हॉल हसत होता. मोठे साहेबसुद्धा.

मी हसत नव्हते. माझ्या डोक्यात एकच शब्द वाजत होता. शिडी.

इतकी वर्षं! माझं अख्खं बालपण त्या शिडीखाली गेलं. मी मामाशी अबोला धरला, वाटणीत कुठली भांडी आपल्याकडे येतील याचा विचार करत रात्री जागले, आणि हा माणूस आत काय करत होता, तर औषध देत होता! निदान आम्हाला पोरांना तरी सांगायचं. 'बाळांनो, काळजी करू नका, ही आमची पद्धत आहे.' नाही. झालंच म्हणायचं आणि शीळ घालत बाहेर यायचं. मला बाबांचा इतका राग आला, आणि राग काढायला ते समोर नाहीत याचा त्याहून जास्त आला. फोटोतल्या इस्त्रीच्या कॉलरकडे बघून मी तिथेच हुंदके द्यायला लागले. शेजारच्या बाईंनी मला रुमाल दिला आणि आईला म्हणाल्या, "फार जीव होता हो मुलीचा."

आईचा चेहरा मी बघितला. ती शांत होती. तिला काही नवीन कळल्यासारखं दिसत नव्हतं. पण तेव्हा माझ्या ते डोक्यात शिरलं नाही. मला वाटलं, हिला अजून उमगलेलंच नाही.

घरी येताना मी ठरवूनच टाकलं. किल्ली सापडली होती. जेवायच्या आधी फ्रिजच्या दारातलं इन्सुलिनचं पेन काढलं, नवी सुई लावली, डोसचा आकडा फिरवला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आई पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. मी शक्य तितक्या खवचटपणे म्हटलं, "आई, तुझा भाऊ शिडी कधी परत करणार म्हणे?"

आईने माझ्याकडे बघितलं.

"शिडी केव्हाच आली," ती म्हणाली. "तू शाळेत होतीस तेव्हाच. मागच्या गॅलरीत आडवी ठोकलीय यांनी. इतकी वर्षं तिच्यावर टॉवेल वाळत घालतेस की तू."

गॅलरीत जाऊन बघायचा धीर झाला नाही, पण मनातल्या मनात तो स्टँड उभा करून बघितला. पायऱ्याच होत्या त्या.

"मग तुम्ही रोज भांडायचात कशावरून?"

"त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं माझ्याविरुद्ध," आई म्हणाली. तिला जरा हसू आलं. "शिडी परत आली त्या दिवशी मला वाटलं, आता नवीन काहीतरी काढतील. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. शिडी स्वतः ठोकून आलेत, हाताला अजून हातोडीचा वास, आणि मला विचारतात, कधी परत करणार म्हणे. मग म्हटलं, चिडावं आपण."

"म्हणजे तू खोटं खोटं चिडत होतीस?"

"रोज."

"आणि सुई?"

"कळायची की. न कळायला काय झालं? रोज दुखायची." तिने मोज्यावरून अंगठ्याला हळूच हात लावला. "अगं, दिवसभर लोकांना टोचून यायचा तो माणूस. कुणी रडतंय, कुणी शिव्या देतंय. घरात तरी एक माणूस असावं ना, ज्याला त्यांच्या हातून काही दुखत नाही. बाहेर जाताना शीळ घालायचे, ऐकली नाहीस कधी?"

ऐकली होती. मला त्या शिळेचाही राग यायचा.

"मग आता काय झालं?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "तेव्हा रोज दुखत होतं तरी घेतलीस ना? मग आता का नको?"

"आता कुणासाठी चिडू?"

हे तिने अगदी साधेपणाने विचारलं. आणि मग मला स्वतःला थांबवता येईना.

"माझ्यासाठी चीड!" मी ओरडले. "मी कोण आहे? मी काय तक्रार खिडकीवर बसलेय तुझ्या? बाबा न सांगता गेले. तू आता एकेक अंगठा करत जाणार आहेस, आणि मी बघत बसायचं? लोक येऊन मला सांगतात, देवमाणूस होता, देवमाणूस होता. तुम्ही दोघांनी मिळून आम्हाला इतकी वर्षं फसवलंत, आणि आता एक सुई घ्यायला तुला माझा हात जड होतो? मला आई हवीय अजून! नीट दोन पायांवर चालणारी आई हवीय! कळतंय का तुला?"

मी रडत होते, नाक वाहत होतं, आणि हातात ते पेन तसंच. आईने माझ्याकडे बघितलं. मग आडवी होऊन पदर बाजूला केला आणि पोटावरचं लुगडं थोडं खाली सरकवलं.

"घे," ती म्हणाली. "दे."

केळ्याला टोचणं वेगळं. मी तिच्या पोटाची चिमूट धरली. मऊ, कोमट, आईचं पोट. टोपण काढलेली सुई कातडीपाशी नेली की हात मागे यायचा. पुन्हा नेली, पुन्हा मागे. डोळ्यांतल्या पाण्याने मला नीट दिसतही नव्हतं. "नाही जमत गं मला," मी म्हटलं. "नाही जमायचं."

आई छताकडे बघत पडली होती.

"राहू दे मग," ती म्हणाली. "दादा असता तर एव्हाना देऊन झालं असतं. त्याचा हात हलका आहे, यांच्यासारखा."

"दादा?" माझं डोकंच फिरलं. "दादाचा हात? तो दादा, ज्याला गुडघ्याचं रक्त बघून चक्कर येते? जो फोनवर मला सायकॉलॉजी शिकवतो? तो येऊन टोचणार आहे तुला? एकदा तरी आलाय का तो इथे पाय बघायला? एकदा तरी..."

"झालंच," आई म्हणाली.

मी खाली बघितलं. सुई आत होती. माझा अंगठा बटणावर टेकलेला होता, आणि बटण तळाशी गेलं होतं.

मी पेन तसंच धरून ठेवलं, शिकवलं होतं तेवढा वेळ. मग हळूच बाहेर काढलं. आईने एक डोळा घट्ट मिटून घेतला होता, तो तिने सावकाश उघडला.

"दुखलं का गं?" मी विचारलं.

"छे," ती म्हणाली. "कळलंसुद्धा नाही."